बर्फाखालचा तळपाया

आर्डिस क्वामीचा आवाज गेला तो एका हॉकीच्या पंचापायी. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या भाचीची मुलगी गोलरक्षक म्हणून उभी होती, पंचाने एक धडधडीत खोटा गोल दिला, आणि आर्डिसने उरलेला सामनाभर त्या माणसाच्या डोळ्यांविषयी, अकलेविषयी आणि शेवटी त्याच्या गावाविषयी जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. सामना जिंकला. शनिवारी सकाळी उठून तिने मांजराला हाक मारायला तोंड उघडलं, तर आतून फुस्सकन नुसती हवा बाहेर आली.

एरवी स्प्लिट पाइन गावाने हा दिवस साजरा केला असता. आर्डिसने तीस-एक वर्षं शाळेची बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही सगळं गाव आपल्या बसमध्येच बसलंय अशा सुरात ती बोलायची. पोस्टात रांग मोडणाऱ्याला ती नुसतं नावाने पुकारायची. तो पन्नाशीचा बाप्या मान खाली घालून मागे जायचा. लग्न केलं नव्हतं. विचारणारे दोघे होते. एक फार बोलायचा आणि दुसरा मुळीच नाही, आणि दोघांपैकी कोणाबरोबर हिवाळे काढण्यापेक्षा डिझेलचं इंजिन बरं, असं तिचं मत होतं. ते तिने दोघांनाही सांगितलं होतं.

पण आज आवाज जाऊन चालणार नव्हतं. आज दुपारी चर्चच्या तळघरात मंडळाची सांगणी होती, आणि बापाची गोष्ट वाचायची आर्डिसची ही तिसरी आणि शेवटची खेप होती.

मंडळ म्हणजे लेखकांचं मंडळ. तलावाच्या काठाकाठाने राहणारी वीस-बावीस माणसं, त्यात एक दंतवैद्य, एक मधमाशा पाळणारी, दोन नळदुरुस्तीवाले सख्खे भाऊ, बाकी बहुतेक पेन्शनर. ही सगळी लिहायची ती अमेरिकेतल्या अचाट लोककथा: लाकूडतोड्यांच्या तळावरून, मासेमारांच्या झोपड्यांतून, आजोबांच्या तोंडून आलेल्या. चुलीत बसून आरवणारा कोंबडा. कुऱ्हाडीचे दांडे खाणारं जनावर. हिवाळ्यात कूस बदलणारी टेकडी. दर वर्षी त्यांचं एक पुस्तक निघायचं, ते पेट्रोल पंपावर गांडुळांच्या डब्यांशेजारी ठेवलेलं असायचं आणि गांडुळांइतकंच खपायचं. त्यात हसण्यासारखं काही नाही. त्या गावात गांडुळं भरपूर खपतात.

मंडळाचा एक रिवाज होता, आणि त्यावर सगळं उभं होतं. गोष्ट पुस्तकात जायची तर आधी सांगणीत गावासमोर मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर, किंवा मधेच, ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी उभं राहून म्हणायला हवं: ‘तसं नाही ते.’ त्याला हरकत म्हणत. हरकत आली की चिटणीस गायीच्या गळ्यातली जुनी घंटा वाजवायची, लेखक आणि हरकतवाला तिथेच भांडून घ्यायचे, मान्य झालेली दुरुस्ती गोष्टीत जायची आणि खाली दोघांचीही नावं छापली जायची. हरकत आली नाही तर गोष्ट बाद. तीन वर्षं लागोपाठ आली नाही तर कायमची बाद, पुन्हा आणायची नाही. अध्यक्ष डेलमर स्टकी दर वर्षी सुरुवातीला हे समजावून सांगायचा. ज्या गोष्टीवर कोणी भांडत नाही, ती लोकांची गोष्टच नव्हे, असं तो म्हणायचा. ते नुसतं साहित्य. साहित्य लिहायचं असेल त्याने मिनिआपोलिस शहरात जावं.

लोक भांडायला कमी करत नसत. कुऱ्हाडीचे दांडे खाणारं जनावर ओकचे दांडे खातं की मेपलचे, यावरून ते दोघे नळवाले भाऊ आठवडाभर दोन वेगळ्या गाड्यांनी कामावर जात होते. चुलीतल्या कोंबड्यावर तर सात हरकती आल्या. आणि आर्डिसच्या गोष्टीवर दोन वर्षांत एकही नाही.

गोष्ट तिच्या बापाची. हॅल्वर क्वामी हिवाळाभर गोठलेल्या डिपर लेक तलावावर विकायला बर्फाच्या लाद्या कापायचा आणि मासे धरायचा. तो सांगायचा, की बर्फाखाली एक जण उलटा चालतो. त्याचे तळवे बरोबर आपल्या तळव्यांना लागून, मधे फक्त बर्फ. आपण एक पाऊल टाकलं की तो एक टाकतो, आपण थांबलो की तो थांबतो. बापाने त्याचं नाव ठेवलं होतं तळपाया. एकदा धुक्यात सरपण ओढत येताना हॅल्वरला वाटलं, की खालची पावलं मागेच थांबलीत. तो पण थांबला. काठी पुढे टाकली, तर काठी सरळ आत गेली. पुढचा बर्फ कुजलेला होता. तळपायाला पाय ठेवायलाच जागा नव्हती, म्हणून तो थांबला आणि म्हणून हॅल्वर वाचला. बस, एवढीच गोष्ट. बाप ती वाढवायचा नाही, खुलवायचा नाही. सांगून झालं की मोजे वाळत घालायचा.

बापाबरोबर बर्फ कापणारे सगळे गेले होते. आर्डिसला भाऊ नव्हता. बहीण होती, तीही गेली. म्हणजे ही गोष्ट बापाच्या तोंडून ऐकलेलं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि लेखकाला स्वतःच्या गोष्टीवर हरकत घेता येत नाही. पुस्तकात गेली नाही तर तळपाया आर्डिसबरोबरच संपणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिच्या वयाला असल्या गोष्टी दिसतात, त्यात रडण्यासारखं तिला काही वाटायचं नाही. पण बापाची आठवण म्हणून तिच्याकडे एक बर्फाची करवत आणि एक गोष्ट होती, आणि करवत तिने केव्हाच वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकली होती.

पहिल्या वर्षी तिने गोष्ट वाचली, चष्म्यावरून लोकांकडे पाहिलं आणि विचारलं, “कोणाला काही म्हणायचं आहे?” कोणाला काही म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिने जास्त सावकाश वाचली आणि तोच प्रश्न विचारला. मागे कोणीतरी खोकला आवरला, बाकी सगळे हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. चिटणीस इर्या लॅम्पिनेन घंटा हातात धरून वाट पाहत होती. शेवटी तिने घंटा टेबलावर आवाज न करता ठेवली, आणि तो न झालेला आवाज आर्डिसला घरी जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

इर्या ही आर्डिसची मैत्रीण. गळ, जाळी आणि गांडुळांचं दुकान तिचंच. स्वभावाने गोगलगाय. तिने आदल्याच आठवड्यात एक युक्ती सुचवली होती: माझा नवरा उभा राहील, म्हणेल, तळपायाला सहा बोटं होती, तू म्हण पाच, थोडं भांडा, मी घंटा वाजवते, आणि संपलं. आर्डिसने तिच्याकडे असं बघितलं, की इर्याने दुकानातल्या दुकानात दोन पावलं मागे घेतली.

“खोटंच लिहायचं असतं तर मी कादंबरी लिहिली असती,” आर्डिस म्हणाली. तो विषय तिथे संपला.

शनिवारी इर्या तिला न्यायला आली आणि आवाजाचा प्रकार तिच्या ध्यानात आला. मध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, इर्याच्या सासूचा कांद्याचा काढा झाला. काही उपयोग नाही. कान तोंडाशी नेला तर खरखर ऐकू यायची, त्यातून शब्द वेचून घ्यायचे. नियमाप्रमाणे लेखकाला वाचता येत नसेल तर अध्यक्षाने वाचायचं. हे ऐकल्यावर आर्डिसच्या घशातून जे बाहेर पडलं ते वेचायची गरज नव्हती.

कारण डेलमर स्टकी हा आयोवाचा माणूस. आयुष्यभर गाद्या विकल्या आणि सुखाने म्हातारपण काढायला इकडे आला. आवाज त्याचा मखमली. कोणतीही गोष्ट दिली की तो तिला उशा लावायचा, पलंगपोस घालायचा आणि शेवटी झालर लावायची म्हणून एखादी किंकाळी. आर्डिसने त्याच्या हातात कागद ठेवले, पण सोडले नाहीत. दोघं कागदाची दोन टोकं धरून उभी.

“ती म्हणतेय, पदरचं काही घालू नका,” इर्याने सांगितलं. आर्डिस प्रत्यक्षात जे म्हणाली त्यात गाद्यांचा उल्लेख होता, पण इर्याने तो गाळला.

डेलमरने छातीवर हात ठेवून वचन दिलं. ते त्याने बहुधा मनापासून दिलं असेल. गादी आयुष्यभर टिकेल असंही तो मनापासूनच सांगायचा.

तळघर भरलं होतं. जंगली तांदळाचं सूप, भट्टीत भाजलेल्या हॉटडिशचे तीन प्रकार, लिंबाच्या वड्या, आणि कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं. आर्डिस पुढे बसली नाही. लोकांची तोंडं तिसऱ्यांदा बघायची तिची तयारी नव्हती. सगळ्यांच्या मागे, कॉफीच्या भांड्याआड एक खुर्ची ओढून ती बसली. इर्या घंटा घेऊन तिच्या शेजारी. पुढच्या लोकांना वाटलं, बाई घरीच राहिल्या. आवाज गेल्याची बातमी गावात आवाजाच्या आधी पोचली होती.

डेलमरने पहिलं पान नीट वाचलं. दुसऱ्या पानावर हॅल्वर धुक्यात शिरला आणि डेलमरला राहवेना. आधी वाऱ्याचा आवाज आला. मग लांडगा आला. आर्डिसने कॉफीच्या भांड्याची कड धरली. मग डेलमरने आवाज खाली उतरवला, पुढे वाकला आणि म्हणाला, की हॅल्वरने खाली पाहिलं, तर बर्फातून दोन पिवळेजर्द डोळे त्याच्याकडे रोखून बघत होते.

आर्डिस उठायला लागली होती. त्याआधीच मधल्या रांगेतून खुर्ची सरकली.

उभा राहिला तो रॉली स्कार, गावातला बर्फ काढायची गाडी चालवणारा, दारातून आडवा शिरावा लागेल एवढा माणूस. “तसं नाही ते,” तो म्हणाला. “त्याला डोळे नसतात. त्याला वर बघायला लागतच नाही, पायांनाच सगळं कळतं त्याच्या.”

घंटा वाजवायची असते हे इर्या विसरली. आर्डिसने तिच्या हातावर चापट मारली तेव्हा ती वाजली.

डेलमर खूश झाला, त्याला वाटलं आपल्या वाचनाचा हा परिणाम. त्याने रॉलीला विचारलं, की हे तुम्ही कुठे ऐकलंत? रॉली त्याच्याकडे बघतच राहिला, जसं काही कोणी त्याला चमच्याने कसं खायचं हे कुठे शिकलास असं विचारलं होतं. बसमध्ये, तो म्हणाला. आणखी कुठे?

आणि मग मार्सी डुफ्रेन उठली. ती काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची नर्स, तिच्या सुईला गाव घाबरतं. ती म्हणाली, अध्यक्षांनी सगळा महत्त्वाचा भागच गाळलाय. पुलाचं काय? नॅरोज पुलावर पाय उचलायचे असतात, त्याच्याशिवाय ही गोष्ट कशी पुरी होईल? तिच्यामागे चार-पाच जण एकदम बोलायला लागले. उचलायचेच असतात. दोन्ही. नाही, आधी डावा. आधी डावा कोणी सांगितला तुला, तू तर झोपलेला असायचास.

आर्डिसला यातलं काही कळेना. ती भांड्याआडून बाहेर आली आणि सुपाच्या डावाने भांड्यावर ठण्‌कन मारलं.

सगळं तळघर गप्प झालं. रॉली स्कार चटकन खाली बसला.

आर्डिसने ओठ हलवले. इर्याने कान पुढे केला. “ती विचारतेय,” इर्या म्हणाली, “कसले पाय?”

मार्सी एकटी उभी होती. तिने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं, मदत येत नाही हे ओळखलं आणि सांगायला सुरुवात केली. हिवाळ्यात तलावाच्या रस्त्याला लागल्यावर बाई तळपायाची गोष्ट सांगायच्या, बसमध्ये कोणी दंगा करू नये म्हणून. तो आपल्या पावलाखाली पाऊल टाकतो, आपण जिथे जाऊ तिथे येतो. ठीक. पण नॅरोजला, तलाव चिंचोळा होतो तिथे, पुलाखाली पाणी वाहतं, तिथे बर्फ धरतच नाही. बस पुलावरून जाणार, आपण बसमध्ये, मग खाली तळपायाने काय करायचं? तो आपल्यामागून येणार आणि वाहून जाणार. म्हणून पूल आला की सगळ्यांनी पाय उचलायचे. पाय नाहीत म्हटल्यावर त्याला आपण सापडत नाही, तो काठाकाठाने फिरून पलीकडे येतो, आणि मग पाय खाली ठेवायचे.

“हे मी कधी सांगितलं?” हे इर्याच्या तोंडून आलं, पण त्यातली धार आर्डिसचीच होती.

“तुम्ही नाही सांगितलंत, बाई,” रॉली बसल्या जागेवरून म्हणाला. “तुम्ही पुलाचं काहीच सांगितलं नव्हतं. आम्हालाच काहीतरी ठरवायला लागलं.”

गोष्ट ती सांगायची ती पोरांना गप्प बसवायला; कोणी ऐकत असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आरशातून तिने तीस वर्षं ती पोरं पाहिली होती. कोण चिमटे काढतं, कोण च्युइंगम चिकटवतं, कोण रडून आलंय, सगळं तिला दिसायचं. पण त्या आरशात दिसायची ती डोकी. पाय दिसत नव्हते. नॅरोजचा पूल आला की बस अचानक शांत व्हायची हे तिच्या चांगलं लक्षात होतं. ती शांतता आपल्या शिस्तीची आहे असं ती धरून चालली होती.

मग तिने इर्याला पुढचा प्रश्न दिला, आणि या वेळी इर्याने तो मऊ केला नाही. दोन वर्षं मी इथे उभी राहून वाचलं, तेव्हा तुमच्या जिभेला काय झालं होतं?

लोक एकमेकांकडे बघायला लागले. नळवाल्या भावांपैकी धाकटा हसू दाबत होता.

“बाई, तुम्ही बोलत होतात,” रॉली म्हणाला. “तुम्ही बोलत असताना मी एकदाच बोललो होतो. दुसरीत. मला थांब्याच्या अलीकडे उतरवलंत. मी चालत घरी गेलो.”

“बसच्या छतावर बर्फाचा गोळा कोणी मारला होता?” इर्याने पुढे पोचवलं.

“मीच,” रॉली म्हणाला. “तरी पण.”

आता हसू फुटलं ते सगळ्या तळघराला. डेलमरने ते ओसरू दिलं, घसा साफ केला आणि अध्यक्ष म्हणून आपलं काम केलं, ते मात्र चोख केलं. हरकत आली आहे, तो म्हणाला, आणि रिवाजाप्रमाणे लेखिकेने ठरवायचं. पूल आणि पाय गोष्टीत घ्यायचे, किंवा हरकत अमान्य करायची; पण अमान्य केली तर ती मोजली जाणार नाही, आणि हे तिसरं वर्ष आहे.

इथे खरी अडचण आली. आर्डिसला गोष्ट हवी होती ती बापाची. बापाच्या वेळी तो पूल नव्हता. बापाने कधी पाय उचलले नव्हते. उचलले असते तर तो आपटला असता. दोन वर्षं तिने एकेक शब्द त्याच्या तोंडचा जपून लिहिला होता, आणि आता त्यात बसमधली शेंबडी पोरं शिरणार. तिने मान हलवली. नाही, असं ती म्हणाली. हे तिने म्हटल्याचं इर्याने सांगितलं नाही, पण मान सगळ्यांनी पाहिली.

मार्सी अजून उभीच होती. ती म्हणाली, बाई, ठरवा काय ठरवायचं ते, पण एक गोष्ट राहिली. ती पण लिहून ठेवा, नाहीतर नका ठेवू.

“तुमचे पाय पेडलवर असायचे,” मार्सी म्हणाली. “तुम्हाला उचलता यायचे नाहीत. मग तळपाया तुमच्यामागून येणार आणि वाहून जाणार. म्हणून पुढच्या बाकावर जो बसेल त्याने दोनदा उचलायचे. एकदा आपले, एकदा तुमचे. पहिलीतल्या पोरांना आम्ही आधी ते शिकवायचो. पुढचा बाक हवा असेल तर बाईंचे पाय उचलायला लागतात.”

तळघरात बरीच माणसं मान डोलवत होती. मागच्या रांगेतल्या एका बाईने सांगितलं, की ती अजून त्या पुलावर गाडी चालवताना मुलाला तिच्या वाटचे पाय उचलायला लावते. दंतवैद्य म्हणाला, तो ब्रेकवरचा पाय उचलत नाही, पण डावा उचलतो, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. बायको शेजारीच बसली होती. तिने सांगितलं, की तिला माहीत होतं.

आर्डिसने रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, चांगलं मोठ्याने. आवाज गेला तरी तेवढं जमत होतं. हॅल्वरला तळपायाने बर्फावर वाचवलं, एवढंच तिला माहीत होतं. त्याची परतफेड इतकी वर्षं तिच्या पाठीमागे चालली होती, आणि ती खड्डे चुकवत, काचेवरचं धुकं पुसत, पोरांना गप्प बसा म्हणून ओरडत होती.

तिने इर्याला जवळ ओढलं. यावेळी खरखर बराच वेळ चालली. इर्या दोनदा “हो” म्हणाली, एकदा “हे सांगू?” म्हणाली, आणि मग सरळ उभी राहिली.

“ती म्हणतेय, घ्या लिहून. पूल, पाय, पुढचा बाक, सगळं. बापाची गोष्ट आधी, जशीच्या तशी, आणि पोरांची खाली. नावं सगळ्यांची घाला, जागा पुरली नाही तर चुलीतला कोंबडा छोटा करा. दोन्ही पाय एकदम उचलायचे, आधी डावा वगैरे काही नाही, त्यावर वाद नको.”

वाद लगेच सुरू झाला. तिसऱ्या रांगेत कोणीतरी उभं राहून म्हणालं, “तसं नाही ते,” आणि ते आर्डिसला म्हणालं, तोंडावर, सगळ्या गावासमोर. इर्याने घंटा वाजवली. आर्डिस बाह्या सरसावत पुढे निघाली, पोरं दुतर्फा वाट देऊ लागली, आणि व्यासपीठावर हातात कागद घेऊन अजून उभ्या असलेल्या अध्यक्षापाशी पोचल्यावर तिने दोन शब्द उच्चारले. ते शब्द इर्याच्या मदतीशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

“डेलमर, बस.”

तो बसला.